डाव्या गुडघ्याचा लिव्हर

२ मार्च, रविवार. सकाळी ९.४०
दादाची पेडल स्टील गिटार काल आमच्याकडे आली. डिसेंबरापासून ती त्याच्या मित्राच्या घरी पडून होती, तिथून टेम्पोतून मीच आणली. दिसायला गिटार नाहीच ती. लांबट टेबल, वर दहा तारा, खाली तीन पेडलं आणि गुडघ्यांनी ढकलायचे चार लिव्हर. वाजवणारा खुर्चीत बसतो, डाव्या हातात लोखंडी कांडी धरून तारांवर सरकवतो, उजव्या हाताने छेडतो आणि खाली पाय आणि गुडघे चालूच. पेडल दाबलं की एखादी तार वर चढते, लिव्हर ढकलला की दुसरी खाली येते. माणूस शांत बसलेला दिसतो, पण कमरेखाली सगळी धांदल.

डिसेंबरात दादाच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा वाकतो, आत वळतो, पण बाहेरच्या बाजूला ढकलता येत नाही. आता येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. दादाचं मागणं साधं होतं. डावा गुडघा बाहेर ढकलून जो लिव्हर चालतो, त्याचं काम तेवढं उजव्या गुडघ्याकडे दे. बाकी कशाला हात लावू नकोस.

३० एप्रिलला वहिनी शाळेतून रिटायर होते. तिच्या निरोप समारंभात दादाला तिच्यासाठी बांधलेली धून वाजवायची आहे. तिला पत्ता नाही. म्हटलं, आठ दिवसांत देतो.

घरात टेक्निकल माणूस मीच. वजनकाटे तपासायच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं झाली. माझ्या सहीशिवाय या शहरात किलोचा किलो होत नाही.

संकल्प: रोज एक तास गिटारला. आजपासून.

३ मार्च, सोमवार
काल एक तास जमला नाही. आज दोन करणार.

दुपारी विचार केला. नुसता एक लिव्हर इकडचा तिकडे करणं म्हणजे काय? ते कुणीही करेल. दादाने माझ्याकडे दिलीय त्याअर्थी त्याच्या मनात काहीतरी मोठं असणार, बोलला नाही एवढंच. उघडायचीच आहे तर मुळापासून विचार व्हायला हवा. तारा कुठल्या सुरांत लावायच्या, इथपासून.

पर्याय तीन. एक, ई-नाइन. दादाची आहे ती. दोन, सी-सिक्स, जाड भरदार सुरांची. तीन, युनिव्हर्सल, म्हणजे दोन्ही एकात. युनिव्हर्सलला बारा तारा लागतात. आपल्याकडे दहा आहेत. हा मुद्दा नंतर पाहू.

५ मार्च, बुधवार
इंटरनेटवर स्टील गिटारवाल्यांचा एक ग्रुप सापडला. सविस्तर प्रश्न टाकला. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस उत्तरं. त्यांत अडतीस वेगवेगळी मतं. उरलेले तिघे आपसांत भांडत होते. एकाने नुसतं लिहिलं, तुमचे बंधू काय म्हणतात? या माणसाला प्रश्नच कळला नाही.

८ मार्च, शनिवार. सकाळी ८.१५
आज प्रत्यक्ष काम. गिटार डायनिंग टेबलावर उलटी ठेवली. पोटाखाली सळ्यांचं जंगल. प्रत्येक सळी एका पेडलला किंवा लिव्हरला एका तारेशी जोडते. स्वच्छतेशिवाय तपासणी नाही, हा आमच्या लॅबचा पहिला नियम. सगळ्या सळ्या काढल्या. सतरा. काचेच्या बरण्यांत लांबीप्रमाणे लावल्या. फार देखणं दिसतं.

दुपारी १२.३०
आतून लाकडाला एक कागद चिकटवलेला होता. दादाचं अक्षर, पेन्सिलीने. कुठली सळी कुठे, किती ओढ, सगळं. खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं, कडेला बारीक खुणा. मी स्पिरिटने लाकूड पुसत होतो. कागद ओला झाला. मग निघाला. मग त्याचा लगदा झाला.

हिने स्वयंपाकघरातून विचारलं, काय होतं ते? म्हटलं, जुनं लेबल.

दुपारी १
घाबरायचं कारण नाही. सुरुवात करण्याआधी मी पद्धतशीर चौदा फोटो काढले होते.

दुपारी १.१०
फोटो पाहिले. सहांत फरशी. पाचांत माझा अंगठा. दोनांत अंधार. एकात कागद स्पष्ट आहे, फक्त त्यावर माझ्या डोक्याची सावली पडलीय.



९ मार्च, रविवार
दादाचा फोन. कुठवर आलं? म्हटलं, पायाभरणी चाललीय. तो खूश झाला. म्हणाला, काही अडलं तर विचार हं, लाजू नकोस. म्हटलं, अडण्यासारखं काय आहे त्यात.

 सांगायचंच होतं. पण तो खुशीत होता. खुशीत असलेल्या माणसाला असं काही सांगणं बरं नव्हे.

१२ मार्च, बुधवार
कागद गेला हे एका अर्थी चांगलंच झालं. जुन्या सवयीच्या ओझ्यातून दादाची सुटका झाली. आता नवा, शास्त्रशुद्ध सेटअप देता येईल.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ग्राफ पेपरवर तक्ता केला. आडव्या दहा तारा, उभी तीन पेडलं, चार लिव्हर. साहेब मागे येऊन उभे राहिले. हे काय, म्हणाले. तोंडातून निघून गेलं, मोठ्या काट्यांच्या तपासणीचा नवा फॉरमॅट. त्यांनी नीट पाहिला. म्हणाले, असं स्वतःहून काम करणारी माणसं उरली नाहीत. आणि खाली सही केली.

आता तो फाइलला लागलाय. परत मागायला धीर होत नाही.

१६ मार्च, रविवार
सेटअप, आवृत्ती चौथी. हिने विचारलं, आपण जेवायचं कुठे? गेला आठवडा आम्ही पलंगाच्या कडेवर ताटं घेऊन जेवतोय. म्हटलं, कलेसाठी थोडी गैरसोय होतेच. ती म्हणाली, कला दादांची आणि गैरसोय माझी. यात तुमचं काय? 

१९ मार्च, बुधवार
आवृत्ती पाचवी. पाचवीत चौथीच्या चुका नाहीत. पहिलीच्या आहेत.

२३ मार्च, रविवार. सकाळी ११.३०
दादा आला. न सांगता. काठी टेकत दोन जिने चढून.

बेल वाजली तेव्हा मी दाराच्या भोकातून पाहिलं. पाहिलं आणि सरळ बाथरूममध्ये गेलो. जाताना डायनिंग टेबलावर चादर टाकली. हिला खुणेने सांगितलं, आंघोळ करतोय म्हण. पण खोटं बोलायला लावणं मनाला पटेना, म्हणून खरोखरच आंघोळ केली. दादा पन्नास मिनिटं बसला. पन्नास मिनिटं मी आंघोळ केली. हातांच्या बोटांना सुरकुत्या पडल्या.

बाहेर त्याचा आवाज ऐकू येत होता. ही म्हणत होती, येतीलच इतक्यात. तो म्हणत होता, असू दे गं, बिचारा आठवडाभर खपतो. रविवारी तरी निवांत आंघोळ करू दे.

जाताना दाराबाहेरून मोठ्याने म्हणाला, धाकट्या, घाई करू नकोस रे. मी पाण्याखालून हूं म्हटलं.

ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. चादरीची मात्र घडी घालून ठेवली.

२४ मार्च, सोमवार
संकल्प: येत्या रविवारी दादाकडे जाऊन सगळं सांगायचं. कागदाचं, फोटोंचं, आंघोळीचं. एका दमात.

३० मार्च, रविवार
गेलो. दार वहिनीने उघडलं. तिच्यासमोर कसं सांगणार? गिटारचं तिला कळता कामा नये, ही दादाचीच अट. हे अगदी खरं कारण आहे. रंगवून लिहिलेलं नाही.

वहिनीने निरोपाच्या भाषणाचा कच्चा खर्डा वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, की माझ्या घरात गेले चार महिने फार शांतता आहे, तिची मला सवय होत नाही. वाचताना तिने दादाकडे पाहिलं नाही. त्यानेही तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलाखालून त्याने पायाने माझा पाय दाबला आणि भुवया उंचावल्या. म्हणजे, कुठवर आलं?

मी अंगठा वर केला.

बिस्किटं चांगली होती. चार खाल्ली. 

६ एप्रिल, रविवार
आवृत्ती नववी. कागदावर निर्दोष. आज जोडायला घेतली. सतरा सळ्या घातल्या, एक उरली. कशी उरली, देव जाणे.

पहिलं पेडल दाबलं. पाचवी आणि दहावी तार चढायला हवी होती. सातवी चढली. दुसरी उतरली. तिसरी तुटून माझ्या कपाळावर आली. लिव्हर ढकलला तर बिजागरीला तेल नसलेल्या कपाटासारखा आवाज झाला. शेजारचे आजोबा विचारायला आले, सगळं ठीक ना?

सळ्या पुन्हा बरण्यांत.

९ एप्रिल, बुधवार
ग्रुपवर नवा प्रश्न टाकला. नाव बदलून. कुणीतरी लिहिलं, गुडघा दुखणारा हा महिनाभरातला दुसरा भाऊ.

११ एप्रिल, शुक्रवार
आज बाजारात तपासणी. एका किराणा दुकानदाराचा काटा चार ग्रॅमने चुकत होता. नापास केला. मला वाटलं, वाद घालेल. तो म्हणाला, साहेब, चूक झाली, माझ्या लक्षात यायला हवं होतं, आत्ता नीट करून घेतो.

किती सहज म्हणाला. मी दुकानाबाहेर उगाचच घुटमळलो. त्याने पाणी विचारलं. प्यालो.

१३ एप्रिल, रविवार. सकाळी १०
आज संध्याकाळी दादाला नक्की फोन करणार. वाक्यं लिहून काढली. पहिलं वाक्य जमलंय.

दुपारी ४
फोनची गरज राहिली नाही. हिने काल संध्याकाळीच सांगून टाकलं. मला न विचारता. का सांगितलंस, म्हणालो. म्हणाली, सतरा दिवस राहिले म्हणून.

तीन वाजता दादा आला. मी आंघोळ केलेली होती. तो डायनिंग टेबलाशी उभा राहिला. बरण्या पाहिल्या. एक उचलून हलवून पाहिली. मी खाली पाहत म्हटलं, कागद... तो म्हणाला, तो होय, तो बारा वर्षांपूर्वीचा होता. त्यानंतर तीनदा बदललं मी. तो उपयोगाचा नव्हताच.

छातीवरचा दगडच उतरला. पाच आठवडे मी एका निरुपयोगी कागदासाठी झुरत होतो! मी हसायला लागलो.

दादा हसला नाही. म्हणाला, सळ्या कुठल्या भोकांत होत्या ते टिपून ठेवलंस ना? तेच खरं होतं. कुठे लिहिलेलं नाही ते.

मी बरण्यांकडे पाहिलं.

म्हणाला, मग तुला आठवतं का? म्हटलं, तुलाच आठवत असेल ना. तो खुर्चीत बसला. म्हणाला, मला नाही रे आठवत. गुडघ्यांना आठवतं.

ओरडला असता तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल, सोमवार
आज सुट्टी. हिने मशीनवालीला बोलावलं, दादालाही. ही पडदे शिवते. तिचं मोठं मशीन दुरुस्त करणारी बाई, पन्नाशीची, कानामागे पेन्सिल. मी तिला गिटार समजावून सांगू लागलो. मधेच म्हणाली, आमच्या मशीनलाही गुडघ्याने दाब उचलायचा लिव्हर असतो, त्यात काय. माझ्या नऊ आवृत्त्या तिने चाळल्या आणि गुळगुळीत कागद चांगला आहे म्हणाली.

मग दादाला म्हणाली, तुम्ही टेबलाशी खुर्चीत बसा आणि वाजवा. दादा म्हणाला, कशावर? ती म्हणाली, कशावर नाही. नुसतं वाजवा. मी खाली बघते.

दादाने डोळे मिटले. धून गुणगुणायला लागला. हात हवेत, कांडी सरकवल्यासारखे. आणि खाली खरोखर त्याचे पाय फरशी दाबायला लागले, गुडघे हलायला लागले. मशीनवाली जमिनीवर मांडी घालून बसली आणि लिहू लागली. कुठल्या सुराला कुठला पाय. अडलं की म्हणायची, परत. तो परत गुणगुणायचा. त्यात मशीनवालीचा कान तयार. म्हणाली, लग्नाआधी पेटी वाजवायचे. मी हे विचारलंच नसतं.

मग ती म्हणाली, गुडघ्यांना हवेत काही लागत नाही, नीट कळत नाही. कुणीतरी गुडघ्यांना हात लावून धरा. माझ्याकडे पाहिलं.

मी टेबलाखाली शिरलो. दादाच्या दोन्ही गुडघ्यांना बाहेरून तळहात लावून बसलो. मी लिव्हर झालो.

उजवा गुडघा जोरात यायचा, हात मागे जायचा. डाव्याची वेळ आली की नुसता थरथरायचा. माझ्या तळहाताला जेमतेम टेकायचा. वर दादा गुणगुणत होता, त्या जागी त्याचा आवाज जरा तुटायचा, मग पुढे जायचा. चार महिने हा गुडघा कसा आहे, हे मी विचारलंच नव्हतं. डाव्या गुडघ्याचं काम उजव्याकडे दे, हेच तो म्हणाला होता. मी एकेचाळीस माणसांना विचारलं, त्याला नाही.

टेबलाखालून हळूच म्हटलं, दादा, सॉरी.

तो म्हणाला, बोलू नकोस, ताल चुकतो.

१६ एप्रिल, बुधवार
मशीनवालीने काल दुपारी आणि आज सकाळी मिळून लागणाऱ्या सगळ्या सळ्या लावल्या. कारणाशिवाय एकही उरली नाही. मागच्या वेळी उरलेली सळी टॉर्चची होती, असं निघालं. बारकी दांडी, पट्टा अडकवायची. ती बरणीत मीच टाकली असणार.

तारा ई-नाइनमध्येच. पेडलं होती तशीच. डाव्या गुडघ्याचा बाहेरचा लिव्हर काढून त्याचं काम, म्हणजे चौथी आणि आठवी तार अर्धा सूर वर, उजव्या गुडघ्याकडे. उजव्याचं जे जुनं काम होतं, ते दादा म्हणाला सोडून द्या, या धुनेत लागत नाही.

म्हणजे दादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तेच. शब्दाशब्दाला.

तिला म्हटलं, मीही साधारण याच निष्कर्षाकडे चाललो होतो. ती म्हणाली, हो का.

१८ एप्रिल, शुक्रवार
गिटार दादाच्या मित्राच्या घरी पोचवली. तिथे तो सराव करतो, वहिनीला वाटतं व्यायामाला जातो. मी टेम्पोत गिटार धरून बसलो होतो, दोन्ही हातांनी. कुठे खडखडली नाही. एवढं तरी नोंदवायला हवं.

डायनिंग टेबलावर जेवलो. 

२२ एप्रिल, मंगळवार
दादाचा सराव बघायला गेलो. उजवा गुडघा चुकून जुनं काम करायला जातो. चाळीस वर्षांची सवय. दादा थांबतो, स्वतःला शिवी देतो, पुन्हा सुरू करतो. मी हिशोब केला. मी आठ दिवसांत दिली असती तर त्याला सात आठवडे मिळाले असते. मिळाले बारा दिवस.

त्याला सांगणार होतो हे. पण ते त्यालाही माहीत असणार. माहीत असलेली गोष्ट पुन्हा कशाला सांगायची.

२७ एप्रिल, रविवार
संकल्प: समारंभात मागच्या रांगेत बसायचं. कुठल्याही गोष्टीचं श्रेय घ्यायचं नाही. मशीनवालीलाही बोलावलंय, हिने. तिची ओळख मी स्वतः चारचौघांत करून देणार.

३० एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ७
समारंभ झाला. शाळेचा हॉल भरलेला. मी मागून दुसऱ्या रांगेत. मागची भरली होती.

वहिनीने भाषण केलं. शांततेचं वाक्य वाचताना थांबली, पाणी प्याली. ती खाली बसली आणि पडदा बाजूला झाला. दादा गिटारशी बसलेला. वहिनी अर्धवट उठली आणि तशीच, ना उभी ना बसलेली, राहिली.

वाजवताना दोनदा चुकला. दोन्ही वेळा उजवा गुडघा. बाकी कुणाला कळलं नसेल. मला कळलं. पण ती तार अर्धा सूर वर चढायची जागा आली, आणि ती चढली. हळू, पूर्ण, जशी चढायची तशी. वहिनीने डोळ्यांना पदर लावला नाही, नुसती त्याच्या पायांकडे पाहत राहिली.

टाळ्या थांबेनात. शाळेचे नवे मुख्याध्यापक स्टेजवर गेले आणि म्हणाले, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हे जमवलंत कसं? दादाने माइक घेतला. म्हणाला, माझ्या धाकट्या भावाने माझ्यासाठी सगळा सेटअप बदलून दिला. दोन महिने खपला बिचारा.

सगळा हॉल मागे वळला. मशीनवाली दोन रांगा पुढे होती. तीही वळली, आणि टाळ्या वाजवू लागली, अगदी मनापासून. ही माझ्या शेजारी होती. हिचे हात मांडीवर.

मी उभा राहिलो. जरा वाकलो. खाली बसलो.

सांगणार होतो. माइक फार लांब होता.